त्या आजीला फोटो दिलास का?

पत्र

काकाजी, मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. वय 23. यवतमाळला मोबाइलच्या दुकानात कामाला आहे, रोज एसटीनं जाणं-येणं. दोन वर्षांपासून गाडीतल्या माणसांचे फोटो काढतो आणि इन्स्टाग्रामवर टाकतो. कोणाला सांगत नाही. फोनचा आवाज बंद करून, मांडीवर ठेवून काढतो. सांगितलं की माणूस ताठ बसतो आणि फोटो मरतो. दिवाळीनंतर खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या एका आजीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'विदर्भाची थकलेली माय, कर्जाच्या ओझ्याखाली'. चाळीस हजार लाइक आले. पंधरा दिवसांनी तिचा नातू मला स्टँडवर भेटला. म्हणाला, "कोनं सांगतलं बे तुले, आजी कर्जात हाय म्हनून? नातीच्या बारशाहून येत होती थे." त्यांच्या घरी नागपूरच्या नातेवाइकांचे फोन आले, पोरं सांभाळत नाहीत काय म्हणून. मी फोटो डिलीट केला. पण अमेरिकेतल्या वॉकर इव्हान्ससारख्या मोठ्या फोटोग्राफरनंही रेल्वेतल्या लोकांचे लपून फोटो काढलेच ना? हा कायद्यानं गुन्हा आहे का? विचारून काढले तर त्यात काय उरतं? हे सगळं बंद करू का?

उत्तर

बेटा,

बंद करू नको. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचताना तुला वाटेल की काकाजी फोन खिशात ठेवायला सांगून राहिले.

तुझ्या हातून दोन गोष्टी झाल्या आणि तू त्या एकाच गाठीत बांधल्यास. झोपलेल्या बाईचा न सांगता फोटो काढलास, ही एक. तिच्या डोक्यावर कर्ज मांडलंस, ही दुसरी. माझ्या लेखी दुसरी जास्त जड आहे, आणि तिच्याविषयी तू पत्रात एक अक्षर विचारलं नाहीस.

आपल्याकडची बारशाची रात्र तू पाहिली असशील. बाया पाळणे म्हणत बसतात, घुगऱ्या वाटल्या जातात, आजीला तर बूड टेकायला मिळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली की अशा बाईचा डोळा लागणारच. ती आनंदाची झोप होती. तू खाली काहीच लिहिलं नसतंस तर पाहणाऱ्याला निदान एक झोपलेली आजी दिसली असती. नागपूरहून फोन आले ते त्या ओळीपायी. त्या ओळीनं तिच्या लेकांना चार लोकांत खाली मान घालायला लावली.

ही ओळ तुला सुचली कशी, याचा मी बराच विचार केला. दोष तुझ्या एकट्याचा नाही. विदर्भातला म्हातारा चेहरा दिसला की खाली 'कर्ज' लिहायचं, ही सवय आमच्या पिढीनं लावली.

माझा तालुक्याच्या गावी स्टुडिओ होता आणि सोबत एका दैनिकाला मी फोटो द्यायचो. 2006 च्या पावसाळ्याच्या तोंडी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, शेतकऱ्यांच्या आत्महत्या होत होत्या त्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या वर्षी बाहेरचे कॅमेरे आपल्या खेड्यांत उतरत होते आणि मी त्यांना रस्ता दाखवायचो. एका गावी जीपमधून उतरायच्या आधीच मी खिडकीतून एका बाईचा फोटो घेतला. दाराच्या चौकटीला टेकून उभी, पदर तोंडाशी, बाजूला जळणाच्या पऱ्हाट्यांचा ढीग. नवऱ्याला जाऊन आठ दिवस झाले होते. फोटो चांगला आला, छापून आला. मग तो दैनिकाच्या साठ्यात गेला आणि पुढची कित्येक वर्षं कुठंही शेतकरी गेला की बातमीसोबत तीच बाई. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'संग्रहित छायाचित्र'.

एका लग्नात ती मला भेटली. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. रागावली नाही. पंगतीत आलू-वांग्याची भाजी वाढता वाढता म्हणाली, "भाऊ, मानूस एक डाव मेला. तुमचा फोटो दरसाली येते." तिच्या पोरीला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी तिला तोंडावर विचारलं होतं, पेपरातली बाई ती तुम्हीच काय. माझ्या पानातली भाजी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तो फोटो काढून टाका म्हणून सांगितलं. तोवर तो आणखी कुठेकुठे गेला होता, याचा हिशेब कोणाजवळच नव्हता.

म्हणून तू डिलीट केलास हे बरं केलंस, पण तेवढ्यानं तो संपला असं धरू नको. चाळीस हजार लोकांपैकी कोणी तो आपल्या फोनात घेतला असेल, कोणी गावच्या ग्रुपवर टाकला असेल. तुझ्या खात्यावर निदान एक ओळ टाक: अमुक फोटोखाली मी जे लिहिलं होतं ते खोटं होतं, त्या आजी नातीच्या बारशाहून येत होत्या. नाव-गाव देऊ नको. माफी मागितल्यानं फॉलोअर कमी होतात का, याचा विचारही करू नको.

अशी चूक मोठ्यांच्याही हातून झाली आहे. 1936 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या निपोमोजवळ, वाटाण्याच्या तोडणीला आलेल्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग यांनी एका आईचा फोटो काढला. कपाळावर आठ्या, हात गालाशी, दोन लेकरं तिच्या खांद्यांआड तोंड लपवून. आजही कष्टकऱ्यांचे फोटो म्हटलं की तो आठवतो. त्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, वय 32. लँग यांनी तिचं नाव विचारलं नव्हतं, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहिलं आहे. पोटासाठी हिनं गाडीचे टायर विकले, असंही त्यांनी नोंदवून ठेवलं. घरच्यांनी नंतर सांगितलं, टायर विकलेच नव्हते. 1978 मध्ये थॉम्पसनबाई लोकांसमोर आल्या तेव्हा त्यांची तक्रार काय होती? माझं नाव विचारलं नाही, फोटोची एक प्रत पाठवीन म्हणाली, ती कधी आली नाही. टायर आणि तुझं कर्ज मला एकाच माळेतले वाटतात. दोन्ही ठिकाणी चेहरा बघून गोष्ट रचली आणि ज्याची गोष्ट त्याला विचारायचं राहून गेलं.

आता तू ज्यांचा आधार घेतलास ते वॉकर इव्हान्स. 1938 ते 1941 या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत त्यांनी कोटाच्या आत कॅमेरा लपवला, दोन बटणांच्या मधून भिंग बाहेर, क्लिक करायची तार बाहीतून हातात. हे खरं आहे. पण त्या फोटोंचं पुस्तक निघालं 1966 साली. बहुतेक चेहरे पंचवीस वर्षं पेटीत पडून होते. तू तर गाडीतून उतरायच्या आधी टाकतोस. शिवाय त्यांच्यासमोर बसलेला माणूस पुढच्या स्टेशनाला उतरून लाखोंच्या गर्दीत दिसेनासा व्हायचा.

तुझ्या गाडीत कोण दिसेनासं होतं? कंडक्टरला ठाऊक असतं कोणाची सून माहेरी चालली. मागच्या सीटवर तिच्या जावेचा भाऊ बसलेला असतो. दारातल्या दुधाच्या कॅनवरून लोक मालक ओळखतात. तू ज्यांना अनोळखी म्हणतोस ते फक्त तुला अनोळखी आहेत. रस्त्यावरच्या फोटोंची ही कला मोठ्या शहरात वाढली, तिथल्या गर्दीच्या भरवशावर वाढली. ती आपल्या तालुक्याच्या गाडीत आणायची तर इथल्या रीतीनं आणावी लागेल.

आणखी एक गोष्ट तुझ्या डोळ्यांसमोर रोज घडते, ती नीट बघ. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली, 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. तुझ्या फोटोंत म्हाताऱ्या आणि बाया जास्त का येतात, याचं निम्मं उत्तर यात आहे. जी बाई राखीला आणि दिवाळीलाच माहेरी जायची, ती आता एकटी दवाखान्यात जाते, बँकेत जाते, बहिणीला भेटून दिवस मावळायच्या आत परत येते. घरी सासऱ्यासमोर पदर ढळू न देणारी बाई खिडकीच्या वाऱ्यात पदर खांद्यावर पडू देते. त्या दीड तासात तिच्यावर घरातल्या कोणाची नजर नसते. उद्या तिच्या कानावर गेलं की समोरच्या पोट्ट्याच्या मांडीवरचा फोन तिला बघून राहिला, तर ती पदर ओढून बसेल. तिचा फोटो गावात फिरला तर घरचे म्हणतील, कशाला जातेस एकटी. सरकारनं दिलेलं अर्धं तिकीट तिच्या हातून तुझ्यापायी जायला नको. मला या सगळ्यात सर्वांत जास्त काळजी याची वाटते.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. एसटीत किंवा बाजारात कोणाचा न विचारता साधा फोटो काढला एवढ्यावरून सरसकट गुन्हा होत नाही. मात्र 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 77 आहे, ते बाईच्या खासगी क्षणांचं चित्रण करण्याबद्दल. कलम 78 आहे पाठलागाचं, म्हणजे तिची इच्छा नसताना एकाच मुलीच्या मागे मागे राहणं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-ई शरीराच्या खासगी भागाचा फोटो चोरून घेण्याबद्दल आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खोटं लिहून कोणाची अब्रू गेली तर बदनामीचं कलम 356. आणि 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सार्वजनिक जागी आला म्हणून माणसाचा तो हक्क संपत नाही, असंही त्या निकालात आहे. तुझे फोटो यातल्या कशात बसत नसतीलही. पण एखाद्या पोरीच्या दिशेनं मांडीवरून रोखलेला फोन कोणी पाहिला, तर स्टँडवरची माणसं कलम विचारत बसणार नाहीत.

आता तुझा खरा प्रश्न. विचारलं की फोटो मरतो. हे पूर्ण खोटं नाही, मीही चाळीस वर्षं हेच म्हणत आलो. पण विचारून काढायचं की लपून, एवढेच दोन रस्ते आहेत असं तू धरून बसलास. तिसरा असा, की सगळ्यांना आधीच ठाऊक असू दे. तू रोज त्याच गाडीनं जातोस. पहिले पंधरा दिवस एकही चेहरा टिपू नको. फोन हातात उघड धर, खिडकीबाहेरचं धुकं काढ, ड्रायव्हरच्या आरशाला लावलेला हार काढ, शेजारच्या काकाजींना दाखव. "काय काढून राह्यला गा?" असं कोणीतरी विचारेलच. सांग. महिनाभरात तू 'तो फोटोवाला पोट्टा' होशील आणि तुझ्यासाठी कोणी ताठ बसणार नाही. स्टुडिओत गिऱ्हाईक पहिली दहा मिनिटं लाकडासारखं बसायचं, मग मी दिवे सारखे करण्यात गुंतलो की आपोआप सैल व्हायचं. गाडीत तुझ्याजवळ दहा मिनिटं नाहीत, पूर्ण वर्ष आहे.

मांडीवरून काढणं मात्र आजपासून सोड. हे कारागिरीचंही बोलतोय. खालून घेतलेल्या फोटोत हनुवटी आणि नाकपुड्या मोठ्या होतात, डोळे बारीक होतात, माणूस लाचार दिसतो. तुझ्या फोटोंतली माणसं दुःखी दिसतात यात त्यांच्या दुःखाचा वाटा किती आणि तुझ्या मांडीच्या उंचीचा किती, हे जुने फोटो काढून एकदा बघ. फोन डोळ्यांच्या उंचीवर आण. गाडी धावत असताना शटरचा वेग 1/250 सेकंदाच्या खाली नेऊ नको, नाहीतर खडखडाटात सगळं हलतं. त्यापेक्षा गाडी स्टँडवर उभी असताना, खिडकीच्या बाजूनं उजेड आला की घे.

क्षण असा आला की सांगायला वेळच नाही, तर काढ. पण लगेच स्क्रीन समोर धर. "काकू, हे बघा, चांगलं वाटलं म्हणून काढला. राहू देऊ?" नाही म्हणाली तर तिच्या समोरच डिलीट कर. बहुतेक फोनांत डिलीट केलेला फोटो महिनाभर दुसऱ्या फोल्डरात पडून राहतो, तिथूनही काढ आणि तेही तिला दिसू दे. हो म्हणाली तर दुसरा प्रश्न विचारायचाच: "मोबाइलवर टाकला तर चालेल? सगळ्या लोकांना दिसेल." काढू देणं वेगळं आणि टाकू देणं वेगळं. माझ्या फोटोतल्या त्या बाईनं कदाचित मला फोटो काढू दिला असता. दरसाल छापायला तिनं कधीच हो म्हटलं नसतं.

काही फोटो हो म्हटलं तरी ठेवू नको. हातात सेवाग्रामच्या दवाखान्याचा एक्स-रेचा मोठा लिफाफा असलेला माणूस. कोर्टाच्या तारखेला निघालेली बाई. कॉलेजच्या पोरापोरीची जोडी, भलेही ती नुसती वह्यांबद्दल बोलत असेल. शाळेच्या ड्रेसमधली लेकरं, आईबाप सोबत नसतील तर. आणि फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यात कोण आलं तेही टाकायच्या आधी बघ. समोरच्या म्हाताऱ्यानं हो म्हटलं असेल, मागच्या सीटवरच्या सुनेनं म्हटलेलं नसतं. झोपलेल्या माणसाचा फोटो तो उठल्यावर त्याला दाखवता येत असेल, तरच घे.

यानंतर काय उरलं म्हणशील. चेहऱ्याशिवायची गाडी तू अजून पाहिलीच नाहीस. वेचणीच्या दिवसांत बाया गाडीत चढतात तेव्हा लुगड्याच्या काठाला कापसाचे तंतू चिकटलेले असतात. काळ्या हिरव्या काठावर पांढरे तंतू, उन्हात ते चमकतात. बोटांच्या टोकांना बोंडाच्या काट्यांचे ओरखडे असतात आणि त्याच बोटांत तिकिटाचा कागद घट्ट पिळून धरलेला असतो, उतरेपर्यंत. पिशवीतून मान काढून बघणारी कोंबडी, सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची जुडी, लग्नाचा हंडा मांडीवर धरून बसलेला मामा. यातल्या कशालाही कोणाचा दीर ओळखणार नाही, आणि यवतमाळचा माणूस मात्र चटकन ओळखेल की ही आपली गाडी.

बंद करू नको म्हणालो त्याचं कारण आता सांगतो. स्टुडिओत माझ्याकडे सगळ्यात जास्त काम कोणतं यायचं ठाऊक आहे? घरात म्हातारं माणूस वारलं की तिसऱ्या दिवशी लेक येतो, हातात आधार कार्ड. "काकाजी, यातला मायचा फोटो मोठा करून द्या." दुसरा फोटोच नसतो. सत्तर वर्षं शेतात राबलेल्या बाईचा आयुष्यभरात एकच चेहरा, सरकारी कॅमेऱ्यासमोर घाबरलेला, आणि तोच हार घालून भिंतीवर. कोणी लग्नातला ग्रुप फोटो आणायचा, त्यातलं मागच्या रांगेतलं अर्धं तोंड कापून मी मोठं करायचो. डोळे भुरकट यायचे. घरचे तरीही त्याला हात जोडायचे.

तुझ्या हातात रोज दीड तास आहे आणि समोर तीच माणसं आहेत. आम्ही त्यांचं मरण टिपलं. बारशाहून येणारी आजी आमच्या पेपरात कधी आली नाही. ती तू टिपू शकतोस, तिच्या घरच्यांना ठाऊक असताना.

म्हणून पुढचा फोटो काढायच्या आधी तिच्या गावी जा. नातवाला आधी फोन कर, संध्याकाळी घरी सगळे असतील अशा वेळी जा. तिच्या लेकांसमोर सांग की ओळ मी मनानं लिहिली होती. ते बोलतील ते ऐकून घे, सफाई देऊ नको. आजी बहुधा काहीच बोलणार नाही, चहा ठेवायला सांगेल. मग तिला विचार, आजी, तुमचा एक फोटो काढून देऊ काय, कसा काढू. ती पदर सारखा करेल, नातीला मांडीवर घेईल, ताठ बसेल, हसणार नाही. तुला वाटेल हा तर मेलेला फोटो झाला. तोच घे, आठ बाय बारा करून फ्रेममध्ये बसव आणि स्वतः नेऊन दे.